उडदामाजी काळे-गोरे: दोन फिकट निळसर राखाडी शेड्समधून एक निवडताना

भिंतींच्या रंगासाठी आणलेल्या शेडकार्डाचे दोन तुकडे आठवडाभर टेबलावर पडून आहेत. सकाळी डावीकडचा आवडतो, रात्री दिवा लावला की उजवीकडचा. घरातल्यांना विचारावं तर "दोन्ही एकच तर आहेत" म्हणून ते मोकळे होतात. उडदामाजी काळे-गोरे निवडायला बसल्यासारखी गत होते.

घरातल्यांचं म्हणणं खोटंही नाही. कार्डावर त्या दोन शेड्स खरोखर सारख्याच असतात. चार भिंतींवर चढल्या की मात्र एक आकाशी होते आणि दुसरी सिमेंटसारखी दिसते, आणि तोवर डबे फोडून झालेले असतात. मी हे स्वतः भोगलंय. अभ्यासाच्या खोलीसाठी निवडलेली शांत राखाडी शेड दुसरा हात वाळल्यावर थेट तान्ह्या बाळाच्या दुपट्याची निळी झाली. रंगात दोष नव्हता. मी ती गडद निळ्या शेड्सच्या ओळीत बघितली होती, ट्यूबलाइटखाली, जेमतेम अर्धा मिनिट. भडक निळ्यांच्या शेजारी बिचारी राखाडीच दिसणार.

गडद निळा कुठेही नेला तरी निळाच राहतो. फिकट निळसर राखाडीत रंगद्रव्य इतकं कमी असतं की तिला स्वतःचं बळ नसतं. खिडकीतला उजेड, फरशी, पडदे, बल्ब, जो शेजारी येईल तो तिला आपल्याकडे ओढतो. ढवळ्याशेजारी पवळा बांधला तर वाण नाही पण गुण लागतो म्हणतात. इथे वाणसुद्धा लागतो. म्हणून "कोणती शेड सुंदर" हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. आपल्या खोलीत कोणती शेड कोणत्या बाजूला झुकते, एवढंच शोधायचं आहे.

पायरी १: नावं झाका, झाक ओळखा

दोन्ही तुकड्यांवरची नावं चिकटपट्टीने झाका आणि मागे १ आणि २ असे आकडे घाला. पोरखेळ वाटेल, पण धुकं, पहाट, समुद्र असलं काही नावात असलं की आपण रंग बघायचा सोडून नावाच्या प्रेमात पडतो.

आता झाक. निळसर राखाडी साधारण तीन दिशांना झुकते: हिरव्याकडे, जांभळ्याकडे, किंवा सरळ निळ्याकडे. नुसती बघून ही झाक कळत नाही, तुलनेला काहीतरी लागतं. एक साधा पांढरा कागद घ्या, त्याला शेजारी-शेजारी दोन चौकोनी भोकं पाडा, मध्ये बोटभर अंतर ठेवा. कागद दोन्ही तुकड्यांवर असा ठेवा की एका भोकातून १ आणि दुसऱ्यातून २ दिसेल. कडा, नावं, शेजारच्या शेड्स सगळं झाकलं जातं आणि डोळ्यांपुढे फक्त दोन चौकोन उरतात. खिडकीपाशी, पण थेट उन्हात नाही, असं धरून बघा. पाच-दहा सेकंदांत एक दुसऱ्यापेक्षा हिरवट किंवा जांभळट वाटायला लागेल. जास्त वेळ टक लावू नका; डोळे सरावतात आणि फरक विरघळून जातो. नजर हटवा, पुन्हा बघा. पहिल्या क्षणाला जे दिसतं ते लिहून ठेवा.

दुसरी खूण शेडकार्डातच असते. बऱ्याच कार्डांवर एका पट्टीत फिकट ते गडद अशा एकाच कुळातल्या शेड्स असतात. आपल्या फिकट शेडच्या पट्टीतली सगळ्यात गडद शेड बघा. फिकटपणात लपलेला हिरवट किंवा जांभळट स्वभाव तिथे उघडा पडतो. मात्र काही कार्डांत पट्टी नुसती शोभेसाठी जुळवलेली असते, त्यामुळे यावर पूर्ण भिस्त ठेवू नका.

तिसरी खूण फार कमी लोक वापरतात. मशीनवर रंग बनवला की डब्यावर फॉर्म्युल्याचा स्टिकर लागतो. पांढऱ्या बेसमध्ये कोणतं रंगद्रव्य किती पडलं ते त्यावर असतं. सांकेतिक अक्षरं प्रत्येक कंपनीची वेगळी, पण मशीन चालवणाऱ्याला विचारलं तर तो सांगतो. निळ्या-काळ्याबरोबर पिवळा किंवा हिरवा पडला असेल तर झाक हिरवट जाणार. किरमिजी किंवा जांभळा पडला असेल तर जांभळट. नुसत्या काळ्यावरही जाऊ नका. काजळीपासून केलेला काळा भरपूर पांढऱ्यात मिसळला की राखाडी निळसरच उतरते. काही "राखाडी" शेड्स भिंतीवर निळ्या का दिसतात, त्याचं एक कारण हेही आहे.

पायरी २: उजळपणाचा आकडा

हे लवकर उरकतं. अनेक कंपन्या प्रत्येक शेडचा एलआरव्ही देतात, म्हणजे भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी किती परत फिरतो त्याचा आकडा. निव्वळ काळ्याला ०, निव्वळ पांढऱ्याला १००. फिकट निळसर राखाडी बहुधा ५५ ते ७० च्या आसपास असते. तुमच्या दोन शेड्समध्ये दोन-तीन अंकांचाच फरक असेल तर उजळपणाचा मुद्दा सोडून द्या, भांडण फक्त झाकेचं आहे. फरक सात-आठ अंकांचा असेल आणि खोली अंधारी असेल तर जास्त आकड्याची घ्या.

आकडा मिळाला नाही तर दोन्ही तुकडे एकाच फ्रेममध्ये घेऊन फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. जो पांढरट दिसेल तो उजळ. फोनच्या कॅमेऱ्याचा या सगळ्या कामात एवढाच उपयोग. रंग ठरवायला फोटो वापरू नका, कारण कॅमेरा प्रत्येक फोटोत पांढऱ्याचा तोल आपल्या मनाने लावतो आणि नेमका निळा-पिवळाच इकडेतिकडे सरकवतो. दुसऱ्या कुणाच्या घरातला फोटो बघून शेड पक्की करणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून वाचणं.

पायरी ३: खोलीचा उजेड वाचा

इथे वेळ घाला. बहुतेक चुका इथे होतात.

आधी खिडकी कोणत्या दिशेला आहे ते बघा. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, येतो तो आकाशाचा उजेड, आणि तो निळसर असतो. अशा खोलीत निळसर राखाडी अजून निळी आणि थंड होते. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन येतं, त्याने ती उबदार आणि राखाडीकडे झुकलेली दिसते. दक्षिण गोलार्धात हे नेमकं उलटं. पूर्वेची खोली सकाळी पिवळसर आणि दुपारनंतर निळी. पश्चिमेची दुपारपर्यंत मवाळ आणि सूर्य कलला की केशरी. केशरी हा निळ्याचा विरोधी रंग, त्यामुळे पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी निळेपणा जवळजवळ पुसला जातो आणि नुसती मळकट राखाडी उरते. हिरवट झाकेची शेड अशा वेळी शेवाळल्यासारखी दिसू शकते.

मग खिडकीबाहेर बघा. समोर दाट झाड असेल तर पानांवरून आलेला उजेड हिरवा असतो. समोर लाल विटांची भिंत असेल तर तांबूस. खिडकीच्या काचेला हिरवी किंवा तपकिरी छटा असेल तर ती खोलीतल्या सगळ्यालाच लागते, आणि रोजच्या सवयीने आपल्या ते लक्षातही येत नाही. काचेला पांढरा कागद बाहेरून लावून बघा.

मग खाली बघा. फरशी हा मोठा आरसाच आहे. तांबूस लाकडी फरशीवर ऊन पडलं की भिंतीचा खालचा अर्धा भाग गुलाबी-केशरी होतो, आणि त्या केशरीच्या शेजारी वरचा निळा आणखी निळा वाटतो. माझ्या मते लाकूड तांबूस असेल तर दोन शेड्सपैकी जास्त राखाडी असलेली घ्यावी. लाकडाची संगत तिला पुरेसा निळेपणा देते.

शेवटी बल्ब. डब्यावर केल्विनमध्ये आकडा असतो: २७०० म्हणजे पिवळट, ४००० च्या आसपास मधला पांढरा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. २७०० च्या उजेडात मुळात निळा प्रकाश कमी, त्यामुळे भिंतीवरून परत येणारा निळाही कमी. दिवसा आवडलेली निळसर शेड रात्री साधी राखाडी झाली तर दचकू नका. डब्यावर सीआरआय नावाचा आणखी एक आकडा असतो, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा. तो ९० च्या पुढे असेल तर अशा नाजूक शेड्समधला फरक जास्त खरा दिसतो, ८० च्या बल्बखाली तो दबतो. बल्ब बदलायचे मनात असेल तर रंग निवडण्याआधी बदला. रंग झाल्यावर बल्ब बदलला की केलेली सगळी तपासणी पाण्यात.

पायरी ४: भिंतीवर नव्हे, पुठ्ठ्यावर लावा

भिंतीवर दोन ठिगळं शेजारी-शेजारी लावून ठरवायची पद्धत सर्वत्र दिसते. मला ती पटत नाही. जुन्या पिवळट भिंतीवर लावलेली कोणतीही राखाडी आहे त्याहून निळी दिसते. शिवाय ठिगळ एकाच जागी अडकून राहतं, कोपऱ्यात नेऊन बघता येत नाही.

त्याऐवजी दोन जाड पांढरे पुठ्ठे घ्या, प्रत्येकी निदान दोन फूट बाय दोन फूट. दोन्ही शेड्सचे सगळ्यात लहान डबे आणा. डबा चांगला ढवळा, तळाशी बसलेलं रंगद्रव्य वर येईपर्यंत. लहान रोलर घ्या, कारण भिंतीवरही रोलरच फिरणार आहे आणि ब्रशच्या रेघांनी छटा वेगळी भासते. पहिला हात पातळ. पुठ्ठा थोडा वाकेल, उलट्या बाजूलाही एक हात मारला तर सरळ होतो. पहिल्या हातातून पांढरं डोकावत असतं, त्यावर मत बनवू नका. तो पूर्ण वाळू द्या आणि दुसरा हात द्या. ओला इमल्शन रंग दुधाळ, फिकट दिसतो आणि वाळला की थोडा गडद होतो, म्हणून रात्री लावलेला पुठ्ठा सकाळीच बघा. रोलर दोन्ही शेड्सना एकच वापरणार असाल तर मधे नीट धुवा. एकीची चमचाभर भेसळ दुसरीला पुरते. मागे १ आणि २ लिहायला विसरू नका. वाळल्यावर ओळखता येत नाहीत, हे मी दोनदा शिकलोय.

एका गोष्टीची तयारी ठेवा: पुठ्ठ्यावरसुद्धा शेड कार्डापेक्षा जास्त निळी वाटेल, आणि चार भिंतींवर त्याहून जास्त. क्षेत्र वाढलं की रंग ठसठशीत होतो, आणि समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर तोच रंग फेकत राहतात. ती फेक आधी बघायची असेल तर पुठ्ठा मधोमध दुमडून खोलीच्या कोपऱ्यात उभा करा, रंगवलेली बाजू आत. घडीच्या खाचेत जो रंग दिसतो, तो पूर्ण रंगलेल्या खोलीच्या बराच जवळ जातो.

पायरी ५: तीन दिवस बघा, पण एका वेळी एकच

दोन्ही पुठ्ठे शेजारी ठेवले की ते एकमेकांना बिघडवतात. हिरवटाशेजारी दुसरा जांभळट वाटतो, एरवी तो तसा नसेलही.

ही गोष्ट जुनी आहे. पॅरिसमधल्या गोबलँ या विणकामाच्या प्रसिद्ध कारखान्यात शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाईचे प्रमुख होते. तक्रार आली की काळा धागा निस्तेज दिसतो. त्यांनी तपासलं तर रंगाई चोख होती; काळा फिका वाटत होता तो शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे. शेजारचे रंग एकमेकांना कसे बदलवतात, यावरचा त्यांचा अभ्यास १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. तुमच्या भिंतीवर तोच प्रकार होणार आहे. निळसर राखाडी भिंत झाली की काल पांढरंशुभ्र वाटणारं छत आणि दाराची चौकट पिवळट दिसायला लागते. ती पिवळी पडलेली नसते, भिंत तिला पिवळी पाडते. म्हणून पुठ्ठा चौकटीला आणि छताला टेकवून नक्की बघा. एखाद्या शेडपाशी पांढरा रंग फारच मळका वाटत असेल तर एक तर ती शेड सोडा किंवा चौकटीही रंगवायचं ठरवा.

तर बघायचं असं. पुठ्ठा १ सकाळी खिडकीसमोरच्या भिंतीवर, दुपारी खिडकीच्याच भिंतीवर (तिथे उजेड सगळ्यात कमी), संध्याकाळी अंधाऱ्या कोपऱ्यात, रात्री दिव्याखाली. भिंतीवर उभाच धरा; जमिनीवर आडवा ठेवला की त्याच्यावर वेगळाच उजेड पडतो. प्रत्येक वेळी एकच शब्द वहीत: निळी, राखाडी, हिरवट, जांभळट, मळकट. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा २, त्याच वेळा, त्याच जागा. तिसऱ्या दिवशी, शक्य असेल तर ढगाळ हवेत, दोन्ही बघा, तेही आळीपाळीने.

तिन्हीसांजेला एक गंमत दिसेल. दिवे लावायच्या आधी, उजेड अगदी कमी झाला की निळ्या गोष्टी उजळल्यासारख्या वाटतात आणि लाल-तांबड्या काळवंडतात. यान पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने १८१९ मध्ये हे नोंदवलं. आवडती लाल फुलं पहाटेच्या अंधुक उजेडात त्यांना काळपट दिसली. कमी उजेडात डोळ्यातल्या वेगळ्या पेशी काम करू लागतात आणि त्या निळ्या-हिरव्याकडे जास्त संवेदनशील असतात. त्या पंधरा-वीस मिनिटांत शेड फार सुंदर दिसेल. तेवढ्यावर भाळून निर्णय घेऊ नका, तो वेळ दिवसातून लगेच निघून जातो.

घरातली वडीलधारी माणसं आणि तरुण यांचं एकमत होत नसेल तर हट्ट धरू नका. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि आत जाणारा निळा प्रकाश थोडा घटतो. एकाला निळी आणि दुसऱ्याला राखाडी दिसणं, दोन्ही खरं असू शकतं. खोली ज्याची, त्याचे डोळे धरा.

पायरी ६: फिनिश आधी ठरवा

फिनिश म्हणजे रंगाची चकाकी. एकच शेड बिनचकाकीच्या मॅटमध्ये मऊ, खडूसारखी दिसते आणि किंचित चकाकणाऱ्या सॅटिनमध्ये थोडी गडद व ठसठशीत. चकाकी जास्त असेल तर समोरून रंग खोल आणि बाजूने बघताना पांढरट, म्हणजे एकाच भिंतीवर दोन रंग. नमुन्याचा डबा ज्या फिनिशचा, तोच भिंतीवर. तसं जमत नसेल तर हा फरक मनात धरून चला. भिंतीला उंचवटे, पुट्टीचे डाग असतील तर मॅटच बरी.

दोन शेड्स दोन कंपन्यांच्या असतील आणि दुकानात "हीच शेड आमच्याकडे जुळवून देतो" असं सांगितलं गेलं, तर जुळवलेल्या रंगाचा वेगळा पुठ्ठा करा. रंगद्रव्यं वेगळी असली की एका उजेडात हुबेहूब जुळणारे रंग दुसऱ्या उजेडात फटकून वागतात.

निर्णय

वहीतले शब्द वाचा. खोली जास्त कधी वापरली जाते ते ठरवा आणि त्याच वेळेच्या नोंदींना मान द्या. झोपायच्या खोलीला दुपारी काय दिसतं याने फारसं बिघडत नाही. रात्रीच्या दिव्याखाली आणि सकाळी डोळे उघडल्यावर काय दिसतं ते महत्त्वाचं. मी "सगळ्यात छान" नोंद शोधत नाही, सगळ्यात वाईट शोधतो. जिच्या नोंदींत "मळकट" किंवा "जांभळट" वापराच्या वेळेला आलं, ती बाद.

तरीही दोघी बरोबरीत असतील तर जास्त राखाडी असलेली घ्या. भिंतीवर निळेपणा वाढतोच, कमी होत नाही. याला अपवाद एकच: पश्चिमेची खोली किंवा दिवसभर पिवळे दिवे लागणारी जागा. तिथे राखाडी शेड अगदीच विझून जाते, निळ्याला जागा द्या.

डबे घेताना

लागेल तेवढा रंग एकदम घ्या. एक लिटर एका हातात किती भिंत झाकतो ते डब्यावर लिहिलेलं असतं. भिंतींचं क्षेत्रफळ काढा, दाराखिडक्या वजा करा, दोन हातांसाठी दोनने गुणा, डब्यावरच्या आकड्याने भागा आणि थोडं वर धरा. मशीनवर नंतर बनवलेला डबा एक-दोन थेंबांनी जरी हलला तरी अशा फिकट शेडमध्ये भिंतीच्या मधोमध पट्टा दिसतो. म्हणूनच सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र ओतून ढवळा आणि मगच सुरुवात करा. रंगारी याला कंटाळत असेल तर ढवळायचं काम आपण करावं.

भिंतीवर आधीचा गडद रंग असेल तर प्रायमर टाळू नका, नाहीतर दोन हातांनंतरही खालचा रंग झाक देत राहतो. पहिली भिंत झाल्यावर पोटात गोळा येतो, तो सगळ्यांनाच येतो. एक नवी भिंत आणि तीन जुन्या, त्यात ओला रंग. या अवस्थेत ती शेड तुम्ही निवडलेली वाटतच नाही. चारही भिंती, दुसरा हात, एक रात्र, आणि पडदे-सामान परत जागेवर, एवढं होईपर्यंत कुणाला फोन करू नका.

उरलेला रंग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरा, हवा कमी राहिली तर तो जास्त टिकतो. बरणीवर खोली, शेडचा नंबर, फिनिश आणि तारीख लिहा. फॉर्म्युल्याच्या स्टिकरचा फोटो डबा उघडायच्या आधीच काढून ठेवा. पहिल्याच दिवशी त्याच्यावर रंगाचा ओघळ येतो आणि नेमके आकडेच झाकले जातात.